बोर्डीचा चिकू आणि बापाची मिटलेली गुणसूत्रं

अमरावतीहून समुद्राला जायचं म्हटलं की माणसं मुंबईची गाडी धरतात. मी सुरतेची धरली. भुसावळ मागं टाकलं की ही गाडी तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेला धावत सुटते. अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत ती सुरतेला पोचली आणि तिथं मी दक्षिणेकडची, दर स्टेशनावर थांबणारी गाडी घेतली. उदवाडा गेलं, वापी गेलं, मग संजाण आलं. इराणातून आलेले पारशी जिथं पहिल्यांदा स्थिरावले असं त्यांची परंपरा सांगते, ते हे संजाण. आज प्लॅटफॉर्मवर भाजीच्या पाट्या आणि कारखान्यातून सुटलेल्या पोरांची गर्दी होती. उंबरगावनंतर मराठी पाट्या दिसू लागल्या. घोलवडला मी उतरले आणि बोर्डीची रिक्षा केली.

आम्ही वऱ्हाडातली माणसं. आमच्याकडं मार्चनंतर झाड सावली देतं ती मोजून-मापून. इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या, आणि वाड्यांमध्ये चिकूची झाडं इतकी गच्च की भर दुपारी खालची जमीन ओली आणि काळोखी. मध्येच ताडाचा उंच बुंधा, एखाद्या इराणी कुटुंबाचं कौलारू घर, कुंपणाशी विहीर. ऊन नावाची गोष्ट या गावाला ठाऊक आहे की नाही, असं वाटावं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेले तर समुद्र जागेवर नव्हता. सुरूच्या झाडांपासून पुढं सपाट, करडी, ओली वाळू पसरलेली आणि पार क्षितिजाच्या अलीकडं पाण्याची एक चकाकती रेघ. मी चालत राहिले, रेघ जवळ येईना. ओहोटीला पाणी इतकं मागं हटतं हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समुद्राच्या तळावर चपला घालून उभं राहणं वेगळं. याच गावात १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. लग्नानंतर ताराबाई आमच्या अमरावतीत राहिल्या होत्या, म्हणून त्यांचं नाव इथं भेटलं की माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

पण मी बोर्डीला आले ती चिकूच्या देठापाशी राहणाऱ्या एका किड्यासाठी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली. जनुकं असणं आणि जनुकं चालणं यांत काय अंतर असतं, हे या किड्याइतकं ढळढळीत दुसरं कुणी दाखवत नाही, असं माझं मत आहे. आणि तो कुठल्या परदेशी प्रयोगशाळेत राहत नाही. वाडीत राहतो.

सकाळी एका ओळखीच्यांच्या वाडीत गेले. वाडीचं सगळं पाहणाऱ्या मावशी वारली समाजातल्या. लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी, तिच्यात फळ अडकवून अलगद हिसका द्यायचा, की चिकू खाली न पडता जाळीत येतो. मी बाजारात आयुष्यभर चिकू घेतला, पण तयार फळ झाडावर ओळखायचं कसं हे माहीत नव्हतं. त्याचा रंग काही बोलत नाही. मावशींनी एका फळाच्या सालीवर नख ओढलं. खाली हिरवं दिसलं. “हा कच्चा.” दुसऱ्यावर ओढलं, पिवळसर दिसलं. “हा घ्यायचा, बाई.” देठ तुटला तिथं दुधासारखा चीक आला. याच झाडाच्या खोडाला चिरे पाडून मेक्सिको-ग्वाटेमालाकडं चीक काढतात. चघळायचं च्युइंग गम आधी त्याचंच होत असे. झाड मुळात तिकडचं. भारतात त्याची लागवड १८९८ साली घोलवडला सुरू झाली असं सांगतात, आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. इतक्या लांबून आलेलं झाड आता या मातीचं नाव लावून बाजारात जातं.

“मावशी, पिठ्या ढेकूण दिसतो का कुठं?” मी विचारलं.

“तो कशाला पाहिजे तुम्हाला?” असं म्हणत त्यांनी एक खालची फांदी वाकवली. दोन चिकू जिथं एकमेकांना टेकले होते तिथं, देठाच्या बेचक्यात, पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. आजूबाजूच्या पानांवर काजळी धरलेली. हे किडे झाडाचा रस पितात आणि त्यातली जास्तीची साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या या किड्यांची राखण करतात, एका फांदीवरून दुसरीवर नेतातही. आमच्या विदर्भात २००७ च्या सुमाराला कपाशीवर याच कुळातला एक पिठ्या ढेकूण आला तेव्हा शेतंच्या शेतं पांढरी झालेली मी पाहिली आहेत. त्यामुळं या पिठाकडं कौतुकानं बघायला मलाही मन घट्ट करावं लागलं.

भिंग लावलं. पिठाच्या आत लांबट गोल, मऊ, फिकट अंग. अंगावर आडव्या वळ्या, आणि कडेनं मेणाच्या आखूड तंतूंची सलग झालर. ही मादी. हिला पंख नसतात, ही फारशी हलत नाही, सोंड झाडात रुतवून बसते आणि मेणाच्या कापसात शेकडो अंडी घालते. नर शोधायला वेळ लागला. पानाच्या शिरेजवळ पांढऱ्या तंतूंचा एक चिमुकला कोश होता. शेजारीच कोशातून बाहेर आलेला एक जण बसला होता. डासाहून कितीतरी लहान, दोनच पंख, शेपटीशी मेणाचे दोन लांब पांढरे तंतू. त्याला तोंडच नसतं. पिल्लू असताना जे खाल्लं त्यावर हा एक-दोन दिवस उडतो, मादी गाठतो आणि मरतो. मावशींनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, “हा त्याच जातीचा? हा तर वेगळाच किडा आहे.”

खरोखर तसंच वाटतं. आणि गंमत अशी की मुलगा आणि मुलगी ठरवणारं वेगळं गुणसूत्र या किड्यांत नाहीच. आपल्यात एक्स आणि वाय असतात तसं इथं काही नाही. प्लॅनोकॉकस या वंशातल्या पिठ्या ढेकणांत, म्हणजे चिकूवरच्या नेहमीच्या पाहुण्यांत, दहा गुणसूत्रं असतात: पाच आईकडून, पाच बापाकडून. मुलाला दहा, मुलीलाही दहा, आणि दोघांच्या गुणसूत्रांत नर-मादी म्हणून वेगळं ओळखता येईल असं काही नाही. मग एक पंखांचा आणि एक बिनपंखांची का?

१९२१ साली फ्रान्झ श्रेडर या अमेरिकी पेशीशास्त्रज्ञानं यातलं मर्म सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गर्भ अगदी सुरुवातीला असतो तेव्हा दहाही गुणसूत्रं मोकळी, सारखी. मग जे गर्भ नर होणार त्यांच्या पेशींत एक घटना घडते. पाच गुणसूत्रं आवळली जातात, आखडतात, एकमेकांना चिकटतात, आणि पेशीकेंद्राच्या एका कोपऱ्यात गडद ठिपका होऊन बसतात. उरलेली पाच मोकळीच राहतात. मुलींत असं काही होत नाही. विद्यार्थिदशेत मी नर गर्भाची पेशी काचेवर चेपून, रंग देऊन हे पाहिलं आहे. शेजारी-शेजारी शंभर पेशी आणि प्रत्येकीत तोच एक काळा ठिपका. एकही पेशी चुकलेली नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण भूगोलाच्या पुस्तकात नसलेल्या मुलखाच्या वेशीवर उभ्या आहोत. अजूनही तसंच वाटतं.

आवळलेली ती पाच कुणाची? बापाची. हे ज्या प्रयोगानं पक्कं झालं तो मला जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. स्पेन्सर ब्राऊन आणि वॉल्टर नेल्सन-रीस यांनी १९६१ मध्ये नरांवर क्ष-किरण सोडले. या किरणांनी गुणसूत्रं तुटतात, जनुकं बिघडतात. मग त्या नरांचा निरोगी माद्यांशी संकर केला. मुली मेल्या, बापाकडून आलेल्या मोडक्या जनुकांनी त्यांचा गर्भातच घात केला. मुलगे जगले. तेच मोडकं सामान त्यांच्याही प्रत्येक पेशीत होतं, पण ते आवळून बंद करून ठेवलेलं होतं. जे वाचलंच जात नाही, त्यातली चूक कुणाला बाधणार?

हे बंद करणं होतं कसं, ते सांगायला किड्याहून लहान मुलखात उतरावं लागतं, आणि तिथला कारभार माणसापासून पिठ्या ढेकणापर्यंत एकच आहे. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. ज्या पेशीकेंद्रात तो राहतो त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तो तिथं मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. १८८४ साली अल्ब्रेख्ट कोसेलनं हंसाच्या रक्तपेशींतून ही प्रथिनं पहिल्यांदा वेगळी केली. पुढं कितीतरी वर्षं ती नुसतं बांधायचं सामान म्हणून दुर्लक्षिली गेली. १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्गनं एकक मांडलं: चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन, असा आठ प्रथिनांचा गोळा आणि त्याभोवती डीएनएचे सुमारे पावणेदोन वेढे. याला न्यूक्लिओसोम म्हणतात. एका वेढणीत डीएनएची सुमारे १४७ अक्षरं जातात, मग थोडी मोकळी जागा, मग पुढचा गोळा. माणसाच्या एका पेशीत असे साधारण ३ कोटी गोळे. १९९७ साली करोलिन लुगर आणि टिमोथी रिचमंड यांच्या गटानं या गोळ्याचं अणूंच्या पातळीवरचं चित्र काढलं. ते चित्र वर्गात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही गप्प झाली होती.

डीएनए हिस्टोनला चिकटतो तो विजेच्या ओढीनं. डीएनएच्या कण्यावर ऋण भार, हिस्टोनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचा धन भार. गोळ्यातून हिस्टोनची शेपटं बाहेर डोकावत असतात, आणि सगळी हुकमत त्या शेपटांवर चालते. लायसिनवर अॅसिटिल गट चढला की त्याचा धन भार नाहीसा होतो, पकड सैल पडते, आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरता येतं. व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच हा संबंध दाखवून दिला होता. उलट हिस्टोन एच-३ च्या नवव्या लायसिनवर तीन मिथिल गट बसले की एचपी-१ नावाचं प्रथिन तिथं येऊन धरतं, शेजारच्या गोळ्यालाही तीच खूण करवून घेतं, आणि आवळणं पसरत जातं. डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही. बदलतं ते फक्त त्याचं उघडं असणं किंवा मिटलेलं असणं.

पिठ्या ढेकणाच्या नरातला तो काळा ठिपका तपासला तर नेमकं हेच सापडतं. इटलीतल्या जोर्जो प्रान्तेरा, सिल्व्हिया बोंजोर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅनोकॉकस सिट्रीत दाखवलं की बापाच्या गुणसूत्रांवर एच-३ च्या नवव्या लायसिनवरचे तीन मिथिल आहेत, एचपी-१ सारखं प्रथिन आहे आणि हिस्टोन एच-४ च्या विसाव्या लायसिनवरची खूणही आहे. अॅसिटिल मात्र तिथं तुटपुंजं.

या कामात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही, याची मला खंत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. शरतचंद्र यांनी पिठ्या ढेकणावर वर्षानुवर्षं काम उभं केलं; बर्कलेला ते त्याच स्पेन्सर ब्राऊन यांच्याकडं शिकले होते. १९८२ मध्ये त्यांच्याबरोबर दिलीप देवबागकर आणि इतरांनी या किड्याच्या डीएनएतल्या मिथिल चढलेल्या, नेहमीपेक्षा वेगळ्या अक्षरांचा छडा लावला. देवबागकर पुढं पुणे विद्यापीठात होते आणि गोवा विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मग १९९६ साली संजीव खोसला, वाणी ब्रह्मचारी आणि शरतचंद्र यांच्या गटानं प्लॅनोकॉकस लिलॅसिनसच्या पेशीकेंद्रांवर डीएनए तोडणारं विकर सोडलं. मोकळा डीएनए पटकन तुटतो. नराच्या क्रोमॅटिनचा, म्हणजे हिस्टोनवर गुंडाळलेल्या डीएनएचा, एक हिस्सा मात्र तुटेचना. मादीत तो तसा मिळाला नाही. काळा ठिपका डोळ्यांना दिसत होता तो १९२१ पासून. तो किती घट्ट आहे हे आता विकरानंही सांगितलं. हा लिलॅसिनस चिकूवरही येतो. म्हणजे मी बोर्डीत ज्याच्यावर भिंग धरून उभी होते, त्याच्याच भाऊबंदांवर हे काम झालं.

असं बंद करणं फक्त किड्यांत होतं असं कुणाला वाटेल तर सांगते: हे वाचणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या बहुतेक पेशींत तिच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक असंच आवळून बाजूला टाकलेलं आहे. मेरी लायन यांनी ही कल्पना मांडली ती १९६१ मध्येच, त्याच क्ष-किरणांच्या प्रयोगाच्या साली. आपल्यात एका पेशीत बापाचं एक्स मिटतं, शेजारच्या पेशीत आईचं. कौल कसाही लागतो. किड्यात कौल नाही. तिथं दर वेळी बापच.

दुपारी पुन्हा किनाऱ्यावर गेले. भरती होती, समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत परतला होता आणि मांगेला समाजातले एक वयस्कर मच्छीमार होडीच्या सावलीत दोन पदरी दोर सोडवत बसले होते. ते जे करत होते ते मी बराच वेळ पाहिलं. दोराचं एक टोक होडीच्या कडीला बांधलेलं, दुसऱ्यावर गडी बसलेला. काकांनी दोन पदरांच्या मधे लाकडाची खुंटी घातली आणि ती पुढं रेटत नेली. खुंटीच्या पुढं दोर ताठ, घट्ट होत गेला, मग आपल्याच अंगावर गाठी मारून कुरळा झाला. खुंटीच्या मागं पदर सैल पडले. काका गड्याला म्हणाले, “सोड टोक, नाहीतर पुढं जाणार नाही.” टोक सुटलं, दोर गरगरा फिरला आणि पीळ निघून गेला.

डीएनएचीही हीच अडचण आहे, आणि त्याला टोक सोडता येत नाही. त्याचे दोन पदर दर साडेदहा अक्षरांना एक वळण घेतात. जनुक वाचणारं यंत्र, आरएनए पॉलिमरेज, या दोन पदरांत शिरून त्यांना उघडत पुढं सरकतं. माणसाच्या पेशीत मिनिटाला साधारण दोन-अडीच हजार अक्षरं. म्हणजे मिनिटाला दोनशेच्या आसपास वळणं त्याच्या पुढं दाटतात आणि तितकीच मागं सैल पडतात. लिरॉय लिऊ आणि जेम्स वांग यांनी १९८७ मध्ये हे असं पुढं-मागं विभागून मांडलं. गुणसूत्र ठिकठिकाणी बांधलेलं असल्यामुळं हा पीळ आपोआप निसटत नाही, आणि साठत गेला तर वाचन ठप्प होतं.

इथं हिस्टोनचं दुसरं काम उघड होतं. गोळ्याभोवतीचे वेढे डावखुरे असतात. डावा वेढा म्हणजे डीएनएच्या स्वतःच्या उजव्या वळणाच्या उलटा, म्हणून प्रत्येक न्यूक्लिओसोम आपल्यात सैलपणाचा सुमारे एक पीळ साठवून बसलेला असतो. यंत्र पुढून जसं घट्ट वळण ढकलत येतं तसे समोरचे गोळे अस्थिर होऊन सुटायला मदत होते. मागच्या सैल भागात ते पुन्हा बसतात. बांधणी आणि पीळ या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत. जनुक वाचलं जातं ते या दोघांच्या देवाणघेवाणीत.

तरीही उरलेला पीळ काढायला पेशीकडं टोपोआयसोमरेज नावाची विकरं आहेत. पहिलं जेम्स वांग यांना १९७१ मध्ये सापडलं. पहिल्या प्रकारचं टोपोआयसोमरेज डीएनएचा एक पदर कापतं, कापलेलं टोक स्वतःच्या अंगाला धरून ठेवतं, दुसऱ्या पदराभोवती त्याला फिरू देतं आणि मग जसं होतं तसं जोडतं. कापलेला डीएनए हातात धरून ठेवणारं विकर! ही कल्पना वर्गात सांगताना माझ्या अंगावर दर वर्षी काटा येई.

आणि इथं मला येतानाचं नंदुरबार आठवलं. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. १९६६ साली ते जाहीर झालं. कॅन्सरवर त्याचा परिणाम दिसत होता. का, ते कळायला १९८५ उजाडलं. कॅम्पटोथेसिन त्या टोपोआयसोमरेजला डीएनए कापलेल्या क्षणी जखडून टाकतं. जोडणी होत नाही, आणि विभागायला निघालेली पेशी त्या उघड्या जखमेवर येऊन आदळते आणि मरते. झपाट्यानं विभागणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना याचा फटका जास्त बसतो. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही आज रुग्णालयांत दिली जाणारी औषधं याच द्रव्यापासून घडवलेली आहेत.

हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही भरपूर आहे. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी ते १९७२ मध्ये दाखवलं, आणि त्यानंतर पश्चिम घाटातल्या नरक्यावर कुऱ्हाड पडली. कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडं त्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या आजही येतात. ज्या झाडातल्या द्रव्यानं माणसाच्या पेशीतला पीळ कसा सुटतो हे समजायला मदत केली, त्याचे ओंडके रात्री ट्रकमध्ये भरले जातात, हे मला सहन होत नाही. नरक्याची लागवड करता येते, पानांतून आणि फांद्यांतूनही द्रव्य मिळतं. मुळासकट झाड उपटायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीत मावशींनी मला पकडलं. आदल्या दिवशी मी जे बडबडले होते ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं.

“बाई, तुम्ही म्हणालात मुलाच्या अंगात बापाचं सगळं बंद. मग त्या मुलाची पोरं कुणावर जातात?”

“मुलाच्या आईवर,” मी म्हणाले. “तो पुढं देतो ते फक्त आईकडून आलेलं. त्याचे शुक्राणू तयार होतात तेव्हा बापाची पाचही गुणसूत्रं टाकून दिली जातात.”

“म्हणजे आजा संपला.”

“त्या मुलापुरता संपला. मुलींतून चालतो.”

मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि आजीचं जे मुलानं पुढं दिलं, ते नातवात उघडं?”

हा प्रश्न माझ्या एम.एस्सी.च्या वर्गातही फार थोड्यांनी विचारला होता. नाही, ते नातवात मिटतं. आजीची पाच गुणसूत्रं मुलात उघडी होती आणि त्याला चालवत होती. मुलाकडून नातवाकडं गेली की तीच, अक्षर न बदलता, बापाची ठरतात. म्हणून आवळली जातात. नातीत मात्र उघडी राहतात. कुणाकडून आलं यावर मिटणं ठरतं, काय लिहिलं आहे यावर ठरत नाही. शरतचंद्र आणि ब्राऊन यांनी १९७५ मध्ये सस्तन प्राण्यांच्या एक्स गुणसूत्राचा विचार केला तो किड्यातल्या याच अनुभवावरून, आणि आज माणसातली कितीतरी जनुकं अशीच आई किंवा बाप यांची खूण घेऊन चालतात हे माहीत झालं आहे.

मावशींचं समाधान झालं नव्हतं. “बापाचं काहीच कामाला येत नाही, हे काही बरोबर नाही.”

त्यांचं बरोबर होतं. उझी नूर यांनी १९६७ मध्ये दाखवलं की नराच्याही काही अवयवांत, आतडं आणि शरीरातला कचरा काढणाऱ्या मालपीघी नलिका यांसारख्या ठिकाणी, तो काळा ठिपका विरघळतो. आवळलेली पाच गुणसूत्रं तिथं पुन्हा सैल होतात आणि बापाची जनुकं वाचली जाऊ लागतात. एकदा मिटलेलं कायमचं मिटलेलं नसतं. हिस्टोनवरची खूण चढवणारी विकरं आहेत तशी उतरवणारीही आहेत. मी हे सांगितलं तेव्हा मावशींनी समाधानानं मान हलवली आणि पिठ्या ढेकणाची ती फांदी काढून बाजूला ठेवली. त्यावर फवारा मारायचा नाही असं वाडीवाल्यांचं सांगणं होतं. क्रिप्टोलिमस नावाचे लालसर-काळे भुंगे सोडायचे ठरलं होतं. मूळचे ऑस्ट्रेलियाचे हे भुंगे १८९८ सालीच भारतात आणले गेले, ज्या वर्षी घोलवडला चिकू आला म्हणतात त्याच वर्षी. त्यांची पिल्लं स्वतःही पांढरं मेण अंगावर घेऊन फिरतात आणि पिठ्या ढेकणांत मिसळून त्यांनाच खातात. मावशींनी कागदी डबी उघडून मला एक पिल्लू दाखवलं. भिंगाशिवाय मला ते पिठ्या ढेकूणच वाटलं असतं. भिंगाखाली त्याचे पाय दिसले, तुरुतुरु चालणारे, आणि ते सरळ देठाच्या बेचक्याकडं निघालं होतं.